पायातील जन्मजात नीलाविकृती आणि तिचे उपचार

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् हे तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील प्राचीन नगर होय. मराठी वाचकास ते सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास भोसल्यांचे राज्य आले आणि हे नगर त्या राज्यात मोडू लागले. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून ज्यांची कीर्ती झाली, ते राजा सर टी. माधवराव १८२८ साली येथीलच एका मराठी घराण्यात जन्मले. गावात देवळे विपुल, देवळांपाशी तळी विपुल, आणि गावाबाहेर भाताच्या खाचरांना पाणी पुरविणारे कालवे. दर बारा वर्षांनी जेथे पर्वणीचे स्नान होते, ते महामहम् तळे तर देशभर प्रसिद्ध आहे. अलीकडची पर्वणी २०१६ साली झाली.

पाण्याची ही समृद्धी डासांनाही मानवली. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स जातीचा डास हत्तीरोगाच्या कृमींचा प्रसार करतो, आणि या रोगाचा उपद्रव कावेरीकाठच्या या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तमिळ भाषेत त्यास ‘यानैक्काल’, म्हणजे हत्तीचा पाय, म्हणतात. मराठीनेही तेच रूपक योजिले आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो अशा प्रदेशांत ‘श्लीपद’ विशेषेकरून आढळते, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात म्हटले आहे. डास आणि कृमी यांचा संबंध ठाऊक नसतानाही ते निरीक्षण अचूक होते. हा संबंध पॅट्रिक मॅन्सन या वैद्याने चीनमधील अमॉय येथे १८७७ साली दाखवून दिला. आपल्याकडे विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व नागपूर या जिल्ह्यांना या रोगाची पुरेपूर ओळख आहे.

अशा गावी पाय सुजला की त्याचे नाव आधीच ठरलेले असते. शेजारी तेच नाव घेतात, आप्त तेच घेतात, आणि क्वचित औषध देणाराही तेच घेतो. ज्या पायाला हे नाव लावणे चूक ठरते, अशा एका पायाची हकीकत या पुस्तिकेत सांगावयाची आहे.

सुजलेले तीन पाय

कुंभकोणम्‌च्या बाजारपेठेतून जाताना तीन माणसे दृष्टीस पडली, अशी कल्पना करू. पहिला साठीचा शेतकरी. त्याचा पाय गुडघ्याखाली सुजलेला, कातडी जाड व खरखरीत, आणि वर्षातून दोनतीनदा ताप येऊन पाय लाल होतो. दुसरा एका खाणावळीतील वाढपी. दिवसभर उभे राहून त्याच्या पोटरीच्या आतल्या बाजूस नागमोडी निळ्या दोऱ्या उठल्या आहेत आणि सायंकाळी घोट्याशी सूज येते. तिसरी व्यक्ती म्हणजे आठ वर्षांची एक शाळकरी मुलगी. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड आणि किंचित लांब आहे. मांडीवर जांभळट-तांबडा मोठा डाग असून तो जन्मापासूनचा आहे. आणि पायाच्या बाहेरच्या बाजूने, घोट्यापासून मांडीपर्यंत, एक रुंद निळी दोरी वर चढत गेलेली दिसते.

पहिल्या पायात दोष लसीकावाहिन्यांचा आहे. दुसऱ्यात नीलांमधील झडपा निकामी झाल्या आहेत. यास अपस्फीत नीला म्हणतात आणि हा विकार फार सामान्य आहे. तिसरा पाय या दोहोंहून निराळा. हत्तीरोगाची सूज बहुधा वर्षानुवर्षे कृमींचा संसर्ग झाल्यावर प्रकट होते. ती जन्मतः नसते आणि तिच्यामुळे हाडाची लांबी वाढत नाही. सामान्य अपस्फीत नीला मुलांमध्ये क्वचितच आढळतात, आणि त्या बहुधा पायाच्या आतल्या अंगास असतात. जन्मखूण, बाहेरच्या अंगाची नीला आणि वाढलेले हाड ही तीन लक्षणे एकाच पायावर आढळली की कृमींचे औषध देण्यात काही अर्थ उरत नाही.

या ठिकाणी शब्दाविषयी थोडेसे. मराठीत ‘शीर’ हा शब्द रक्तवाहिनीस लावतात, स्नायुबंधास लावतात, आणि मान आखडली तरी ‘शीर धरली’ असेच म्हणतात. बोलण्यात हे चालते. परंतु हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी नीला यांतील भेद येथे पदोपदी लागणार असल्याने हेच दोन शब्द वापरले आहेत.

पॅरिसचे दोन वैद्य

मॉरिस क्लिपेल आणि पॉल त्रेनोने या दोन फ्रेंच वैद्यांनी १९०० साली पॅरिसच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हा लक्षणसमूह प्रथम एकत्र मांडला. त्यांच्या नावांवरून त्यास क्लिपेल-त्रेनोने लक्षणसमूह म्हणतात. पुढे १९०७ साली लंडनच्या फ्रेडरिक पार्क्स वेबर याने अशाच काही रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांपैकी काहींच्या पायात रोहिणी व नीला यांच्यामध्ये थेट मार्ग असून रक्त वेगाने वाहत होते. आज या दोन विकृती वेगळ्या मानतात, आणि हा भेद केवळ नावाचा नाही. क्लिपेल-त्रेनोने विकृतीतील रक्तप्रवाह मंद असतो. वेगवान प्रवाहाच्या विकृतीवर केवळ नीला बंद करण्याचा उपाय चालत नाही, त्यात हृदयावर पडणाऱ्या भाराचाही विचार करावा लागतो.

विकृती दुर्मिळ आहे. लाखामागे एखादा रुग्ण, असा साधारण अंदाज सांगतात. तिचे मूळ गर्भावस्थेत आहे. गर्भाची वाढ होत असताना एखाद्याच पेशीतील एका जनुकात बदल घडतो, आणि त्या पेशीपासून पुढे निर्माण झालेल्या पेशींतच तो उतरतो. म्हणून एक पाय विकृत आणि दुसरा निर्दोष, असे दृश्य दिसते. बऱ्याच रुग्णांत हे जनुक ‘पीआयके३सीए’ या नावाचे असल्याचे २०१० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखविले. पेशींना ‘वाढा’ असा संदेश देणे हे त्याचे कार्य. बिघाड झाल्यावर तो संदेश थांबतच नाही. हा दोष आईबापांकडून आलेला नसतो आणि तो सहसा पुढच्या पिढीतही जात नाही. गर्भारपणी आईने ग्रहण पाहिले किंवा ग्रहणात विळी हाती धरली म्हणून मूल असे झाले, ही समजूत महाराष्ट्रात आहे आणि इतर प्रांतांतही आहे. तिला कोणताही आधार नाही, आणि तिच्यामुळे निरपराध बाईला आयुष्यभर बोल लावला जातो, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते.

विकृतीची तीव्रता व्यक्तीगणिक फार बदलते. कोणास केवळ डाग व थोडी सूज असते, तर कोणास चालणे कठीण होते. अमेरिकेतील गोल्फपटू केसी मार्टिन याच्या उजव्या पायास ही विकृती होती. स्पर्धेत पायी चालण्याऐवजी गाडी वापरू द्यावी म्हणून त्याने केलेला दावा तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली त्याच्या बाजूने निकाल लागला. २०२१ साली तो पाय अखेर कापावा लागला.

नीलेचा मार्ग आणि तिचा दोष

उभ्या माणसाच्या पायातील रक्ताला हृदयाकडे जाताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. स्वस्थ उभे असताना प्रौढ माणसाच्या घोट्याजवळील नीलेत ८० ते १०० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, त्यांच्यामध्ये असलेल्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून नीलांच्या आत झडपा असतात. पाडुआ येथील फाब्रिसियस याने १६०३ साली त्यांचे वर्णन केले, आणि त्यांचा खरा अर्थ त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली उलगडला. या व्यवस्थेमुळे चालत्या माणसाच्या घोट्याजवळील दाब ३० मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो.

पायात नीलांचे दोन थर आहेत. कातडीखालचा वरवरचा थर आपणास दिसतो. स्नायूंमधील खोल थर दिसत नाही, परंतु बहुतेक रक्त त्याच मार्गाने जाते. गर्भाच्या पायात प्रारंभी एक तिसरीच नीला असते. ती पायाच्या बाहेरच्या कडेने जाते. खोल नीला तयार झाल्या की तिचे काम संपते आणि जन्मापूर्वीच ती लोप पावते. क्लिपेल-त्रेनोने विकृतीत पुष्कळदा ती लोप पावत नाही. आपल्या कल्पनेतील मुलीच्या पायावरील रुंद निळी दोरी ती हीच. तिच्यात झडपा नसतात. रक्त तिच्यात वर चढते, खाली उतरते, साचते; आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. अशा गुठळ्यांवर चुना बसून मुगाएवढे लहान खडे बनतात, ते क्ष-किरणचित्रात दिसतात. गुठळी जागीच राहिली तर केवळ दुखते. परंतु ही नीला वरच्या टोकास मोठ्या खोल नीलेस मिळालेली असते, आणि तेथून सुटलेली गुठळी हृदयावाटे थेट फुप्फुसात जाऊन पोहोचते. तसे झाल्यास प्राण जाऊ शकतो.

मग अशी घातक नीला काढून का टाकू नये? हा प्रश्न शल्यवैद्यांनाही पडला आणि विसाव्या शतकात कित्येकांनी तसे केले. सामान्य अपस्फीत नीला बांधून अगर ओढून काढण्याच्या रीती त्या शतकाच्या आरंभापासून प्रचारात होत्याच. परंतु या रुग्णांपैकी काहींचा पाय शस्त्रक्रियेनंतर अधिकच सुजला. कारण त्यांच्या खोल नीला अरुंद होत्या, कोठे दाबलेल्या होत्या, तर कोठे मुळातच नव्हत्या. जिला दोषी ठरविले ती बाहेरची नीलाच त्या पायातील रक्ताची परतीची वाट होती. मार्सो सेर्व्हेल या फ्रेंच शल्यवैद्याने १९८५ साली आपल्या ७६८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातही खोल नीलांच्या दोषावरच त्याचा भर होता. यानंतर दीर्घकाळ अनेक वैद्यांची वृत्ती ‘हात लावू नये’ अशीच राहिली. ती वृत्ती अनाठायी नव्हती, पण तिच्यामुळे गुठळीचा धोका मात्र तसाच राही.

आधी नकाशा

म्हणून आजच्या उपचाराचा आरंभ पायाच्या नकाशाने होतो. पहिले साधन श्राव्यातीत ध्वनितरंगांचे. आगगाडी जवळ येताना तिच्या शिट्टीचा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ डॉप्लर याने १८४२ साली त्याचा नियम मांडला. वाहत्या रक्तकणांवरून परतलेल्या ध्वनीचा स्वर असाच बदलतो, आणि त्यावरून रक्त वर जाते की खाली हे पडद्यावर दिसते. मुलास उभे करून पोटरी हाताने दाबतात व सोडतात. सोडल्यावर अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ रक्त उलटे वाहिले, तर झडप निकामी समजतात.

याने भागले नाही तर चुंबकीय अनुस्पंदनाने चित्र घेतात, किंवा नीलेत रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणचित्र काढतात. येथे एक फसगत संभवते. पाणी जसे रुंद पाटाने धावते व शेजारची चिंचोळी सारणी कोरडी ठेवते, तसेच रंजकद्रव्य सगळेच्या सगळे बाहेरच्या रुंद नीलेत शिरते. चित्रात खोल नीला उमटत नाही आणि ‘खोल नीला नाही’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक ती असू शकते. म्हणून घोट्यावर पट्टा आवळून वरवरच्या नीला क्षणभर मिटवितात आणि रंजकद्रव्यास खोल वाटेने जाणे भाग पाडतात. ज्या मुलांना ‘उपाय नाही’ म्हणून परत पाठविले जाई, त्यांच्यापैकी काहींची खोल नीला अशा रीतीने सापडते. बाहेरचा मार्ग बंद झाल्यावर ही अरुंद नीला हळूहळू रुंदावल्याचेही काही रुग्णांत आढळले आहे.

याहून साधी एक जुनी कसोटी आहे, आणि तिचे महत्त्व अजून संपलेले नाही. पायावर लवचीक पट्टी बांधून वरवरच्या नीला दाबून टाकायच्या आणि रुग्णास हिंडूफिरू द्यायचे. पाय हलका वाटला तर खोल वाट मोकळी आहे. दुखू लागला, फुगू लागला, तर सावध व्हावयाचे. गेओर्ग पेर्थेस या जर्मन शल्यवैद्याने १८९५ साली वर्णिलेल्या परीक्षेचे तत्त्व हेच होते.

नकाशाबरोबर रक्ताचीही परीक्षा लागते. मंद रक्ताच्या डबक्यात गुठळ्या सतत बनतात व विरघळतात, त्यामुळे रक्त गोठविणारी द्रव्ये खर्च होऊन जातात. मग एकाच रुग्णास गुठळीचे भय आणि रक्तस्रावाचेही भय, अशी विचित्र स्थिती होते. ती ओळखून काही दिवस आधी हेपॅरिन वर्गातील औषध सुरू करावे लागते.

सुईच्या वाटेने

विसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य अपस्फीत नीलांसाठी ज्या रीती निघाल्या, त्याच सुधारून येथे वापरतात. सर्वांत कातडीला पडणारे छिद्र सुईएवढेच असते. पहिली रीत उष्णतेची. ध्वनिचित्रात पाहत सुईने नीलेत शिरतात व आत एक बारीक तंतू सरकवितात. त्याच्या टोकाशी लेसर किरण सोडले, किंवा विद्युत्‌लहरींनी टोक तापविले, की नीलेची भिंत आतून भाजून आक्रसते. विद्युत्‌लहरींच्या एका प्रचलित उपकरणात सात सेंटिमीटर लांबीचे टोक वीस सेकंद १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात, मग तंतू तेवढाच मागे ओढून पुढचा भाग घेतात. त्यापूर्वी नीलेभोवती सर्व बाजूंनी बधिर करणारे पातळ द्रावण भरलेले असते. ते वेदना थांबविते, नीला दाबून तंतूवर मिटविते, आणि कातडी व मज्जातंतू यांना उष्णतेपासून वाचविते. मीठपाण्याच्या या साध्या वेष्टणावाचून सारी क्रिया धोक्याची ठरली असती. प्रौढांना एवढे बधिरीकरण पुरते; मुलांना बहुधा पूर्ण भूल देतात.

दुसरी रीत फेसाची. नीलेच्या आतील अस्तर जाळणारे पॉलिडोकॅनॉलसारखे औषध द्रवरूपात टोचले, तर रक्तात मिसळून पातळ होते. इटलीच्या लोरेन्झो तेसारी याने २००० साली दोन पिचकाऱ्या व एक तीन तोंडांची तोटी यांच्या साहाय्याने एक भाग औषध आणि चार भाग हवा घुसळून दाट फेस करण्याची सोपी युक्ती दाखविली. फेस रक्ताला पुढे ढकलतो आणि भिंतीला चिकटून राहतो. वेड्यावाकड्या नीलांत, जेथे तंतू शिरत नाही, तेथे तो पोहोचतो. मात्र एका वेळी साधारण दहा मिलिलिटरांहून अधिक फेस वापरू नये असा संकेत आहे, कारण निसटलेला फेस खोल नीलांत व पुढे हृदयात जातो.

जन्मजात विकृतीत अडचण अशी की ही नीला फार रुंद असते, कधी सेंटिमीटरहून अधिक, आणि तिच्यातून खोल नीलांकडे जाड फाटे गेलेले असतात. वाहते रक्त उष्णता घेऊन जाते, फेस फाट्यांवाटे निघून जातो. म्हणून प्रथम वरचे टोक, जेथे ती खोल नीलेस मिळते ते, बंद करतात. त्यासाठी कधी धातूच्या बारीक वेटोळ्याचे बूच बसवितात. त्यानंतरच खालचा भाग हाती घेतात. क्रम उलटा झाला, तर खाली बनलेली गुठळी उघड्या वाटेने फुप्फुसाकडे जाईल. घाई न करता हे काम काही महिन्यांच्या अंतराने दोनतीन टप्प्यांत करावे लागते. मोठी नीला शक्य तर बालपणीच बंद करावी, ती वयाबरोबर रुंदावते आणि गुठळीचा धोकाही वाढतो, असे या विषयातील अनेक तज्ज्ञांचे आजचे मत आहे.

एवढे करूनही विकृती समूळ जात नाही. नव्या नीला उघडतात, जुन्या कधी पुन्हा वाहू लागतात. डागावर वेगळे लेसर उपचार आहेत. दोन पायांच्या लांबीत दोन सेंटिमीटरांहून अधिक फरक पडू लागला, तर आधी जोड्याची टाच उंच करतात, आणि वाढीचे वय संपण्यापूर्वी लांब पायाच्या गुडघ्याजवळील वाढीची कूर्चा रोखण्याची शस्त्रक्रिया करतात. दाब देणारा लवचीक पायमोजा तर जवळजवळ नित्याचा. उन्हाळ्यात कुंभकोणम्‌ला काय किंवा चंद्रपूरला काय, घट्ट मोजा दिवसभर घालणे ही शिक्षाच होय. मुले तो काढून दप्तरात ठेवतात, यात नवल नाही. सकाळी उठताच घालणे, दुपारी घरी आल्यावर ओल्या फडक्याने पाय पुसून काही वेळ उंचावर ठेवणे, असा मध्यम मार्ग निघू शकतो.

औषधांच्या बाजूस २०१८ साली नवी वाट दिसली. बिघडलेल्या ‘पीआयके३सीए’ जनुकाचा संदेश रोखणारे अल्पेलिसिब हे औषध पॅरिसच्या नेकर रुग्णालयातील गियोम कानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटातील तीव्र विकृती असलेल्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा वाढलेला भाग आक्रसल्याचे आढळले. अमेरिकेत २०२२ साली दोन वर्षांवरील वयाच्या तीव्र विकृतीच्या रुग्णांसाठी त्यास मान्यता मिळाली. औषध महाग आहे आणि रक्तातील साखर वाढविणे यांसारखे दुष्परिणामही त्यास आहेत.

आपल्या देशात शाळेतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला, आणि जन्मजात दोष शोधणे हे त्याचे एक काम आहे. पथक शाळेत आले म्हणजे एका पायाचा जाडपणा, बाहेरच्या अंगाची निळी दोरी आणि डाग या गोष्टी शिक्षकाने दाखवून द्याव्यात. तेथून मुलास वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविता येते. कुंभकोणम्‌च्या मुलीस सुमारे चाळीस किलोमीटरांवर तंजावर आहे. उपचारानंतर आठवड्याभरात खोल नीलेत गुठळी नाही ना, याची ध्वनिचित्राने खात्री करतात, आणि पुढे ठरावीक काळाने पाय पुन्हा मोजतात. पायाचा जुना नकाशा व चित्रे आईबापांनी जपून ठेवावीत. मुलगी मोठी झाल्यावर प्रसूतीच्या वेळी किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना ती दाखविणे अगत्याचे असते, कारण या दोन्ही प्रसंगी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.